युन-रूचं नवं पुस्तक

तैवानमधल्या ताइनानच्या एका क्लासात जीवशास्त्र शिकवणाऱ्या छिउ सरांपुढे एका बाईंनी कोरं करकरीत पुस्तक ठेवलं. "बारावीचा अभ्यासक्रम बदललाय म्हणे, सर. माझ्या युन-रूसाठी परीक्षेपुरत्या खुणा करून द्या."

सरांनी पेन उघडलं. "हा धडा गेला. हा राहिलाय, पण आता व्याख्या विचारत नाहीत. प्रयोग देतात, आलेख देतात आणि अर्थ लावा म्हणतात. घोकून भागायचं नाही."

"अगोबाई! ती तर नुसती घोकते."

"मग तिलाच पाठवा की माझ्याकडे."

बाई पुस्तकावरून हात फिरवत राहिल्या. "परीक्षेच्या तोंडावरच गेली हो ती. सातव्या चांद्रमहिन्यात, पितर येतात तेव्हा, त्यांच्या कागदी कपड्यांबरोबर दरवर्षी तिचं पुस्तकही जाळून पोचवते मी. यंदा पोचलं का म्हणून देवळात कौल लावला, तर पुन्हा पुन्हा नकारच येतोय. शेवटी शेजारीण म्हणाली, अगं, जुनंच तर नाही ना जाळलंस?"

सरांचं पेन थांबलं. पंख्याच्या वाऱ्यानं पुस्तकाची पानं आपोआप उलटत होती, जणू कुणी घाईघाईनं धडा शोधत होतं. सरांनी त्यांवर हात ठेवला नाही. ते उठले आणि कपाटातून सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढून त्यांनी बाईंच्या हातात दिला.

"नुसत्या पुस्तकानं व्हायचं नाही, ताई. याही जाळा," ते हळूच म्हणाले. "उत्तरं मात्र आठ दिवसांनी जाळा. आधी तिची तिला सोडवू देत."