वासाची तक्रार

महिन्याभरात गॅसगळतीची ही चौथी तक्रार. मेकॅनिक वैतागूनच तिसरा मजला चढला. शेगडी, नळी, रेग्युलेटर, सगळीकडे त्याने साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

“आजी, सगळं ठणठणीत आहे. तुम्हाला दर वेळी वास येतो आणि मी आलो की नेमका जातो कुठे?”

“वास येतो असं मी कधी म्हटलं?” आजी म्हणाल्या. “आजारपणानंतर मला कसलाच वास कळत नाही. दूध करपलं तरी पत्ता लागत नाही. ह्यांना लगेच कळायचं. महिना झाला त्यांना जाऊन.”

मेकॅनिकने शेगडीपाशी वाकून सावकाश श्वास घेतला.

“नाही येत, आजी. सोमवारी परत बघून जातो.”