तिसरी पोळी

आबा पंगतीत मांडी घालून बसले आणि लंगरच्या स्वयंपाकघरात रत्नाचं लाटणं थांबलं.

दारातून तिला ते नीट दिसत होते. टोपी खिशात, डोक्याला गुरुद्वारातला केशरी रुमाल, मांडीशी पाण्याची बाटली. ही बाटली ते शिरपूरकडच्या आपल्या गावातून भरून आणत. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. सरदारांच्या घरात लेक त्यांनी हौसेने दिली, पण नेम सोडला नाही. धुळ्याला यायचे, खुशाली विचारायचे आणि उपाशीपोटी परतायचे. वाढलेलं ताट रत्ना झाकून ठेवायची.

आज पुनीतने सासऱ्यांना बसस्टँडवरून थेट इकडे आणलं होतं. कीर्तनात ते तबल्याच्या ठेक्यावर मांडी थोपटत होते, कडाहप्रसादाचा शिरा खाऊन त्यांनी बोटं चाटली, हे त्यानेच आत येऊन सांगितलं. लंगरच्या दाराशी मात्र आबा अडले होते.

"जावईबापू, हाई तुमनंच घर ना?"

"गुरूचं घर, आबा. माझ्या वाट्याला इथे फक्त भांडी घासणं."

त्यावर आबा हसले आणि आत येऊन पंगतीत बसले.

रत्नाने घाईने पोळी तव्यावर टाकली. अंगठा पोळीच्या कडेला रुतून ठसा उमटलाच. माहेरपासूनची खोड, माय त्यावरून रोज बोलायची. तिच्या पोळ्या टोपलीत घेऊन पुनीत वाढायला गेला. आबांनी ओंजळ पुढे केली. पहिली पोळी डाळीत बुडवून संपवली. दुसरीचा तुकडा मोडताना ते थबकले. कच्ची राहिली की काय? रत्ना दारापर्यंत आली. पण आबांनी ती खाल्ली, पुनीतला हाक मारली आणि आणखी एक मागून घेतली. वर लंगरचं पाणीही प्यायले.

ताटं उचलली गेली तशी रत्ना पिठाच्या हातांनीच बाहेर आली. बापाला फसवून जेवू घातलं, हे तिच्याने गिळवेना.

"आबा, पोळ्या मी लाटल्या. तुमचा नेम मोडला मी."

आबांनी भरलेली बाटली तिच्या हातात दिली.

"तू नही मोडा, बेटा. दुसरी पोयीवर तुन्हा अंगठा मी वळखा. तिसरी मी मांगीसन खादी."