तळ्यातली ताटली

दामाजीच्या पोराने, चंदूने, गोड्या पाण्याच्या तळ्यात कोळंबी पाळलेली. ताटलीत खाणं ठेवून तो ती पाण्यात सोडायचा आणि दोन्ही वेळा वर ओढून बघायचा. चिमूटभर जरी उरलं, तरी कोळंबी आजारी पडली की काय म्हणून तो ताटली पुन्हा पुन्हा निरखायचा. मग सायकल काढून ठाकुर्लीच्या बूथवरून ठाण्याच्या मत्स्यखात्यातल्या सायबांना फोन.

बायको गेल्यापासून दामाजीला घास उतरत नव्हता. भरलेलं ताट सून तसंच उचलून न्यायची.

एका दुपारी, निदान तिथं उरलेलं तरी चंदूला दिसेल म्हणून, दामाजीने आपला सगळा भात त्या ताटलीत ओतला आणि ती पाण्यात सोडली.



संध्याकाळी चंदू हसतच ओटीवर आला. "बा, आज सगळं फस्त. कण उरला नाय."