टिपकागदावरची शाई

जुन्या छापील चित्रातल्या बाईच्या तर्जनीवरची शाई ओली होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या ठशात हे शक्य नाही. मी टिपकागद दाबला, तर त्यावर काळा डाग उमटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटला.

चित्रात ती तांब्याचा पत्रा कोरत बसली आहे. खाली छापले आहे, 'चित्रकाराची पत्नी'. चित्र नवऱ्याने नव्हे, तर तिनेच कोरलेले आहे, हे मला रेघांच्या वळणावरून कधीच कळले होते. पण आमच्या संग्रहालयाच्या प्रमुखांनी त्या नवऱ्यावर जाडजूड पुस्तक लिहिले होते. माझी जीभ रेटत नव्हती.

"बाई, झालं का? की न्हाऊमाखू घालताय तिला?" प्रमुख दारातून म्हणाले. "चित्राखालची पाटी छपाईला चाललीय. 'पत्नी'च ठेवतोय."

मी टिपकागद उचलला. आज त्यावर अक्षरे होती. तिचे नाव, आणि पुढे 'हिने कोरले'.

टिपलेली अक्षरे उलटी दिसायला हवीत. ही सुलट होती. म्हणजे चित्रावर ती कुणीतरी उलटी लिहिली होती, कोरणारे पत्र्यावर लिहितात तशी.

मी चित्राकडे पाहिले. तिने काम थांबवले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती.

"बाई?"

"'पत्नी' खोडा, साहेब," मी म्हणाले. "हे चित्र तिनं कोरलंय. पाटीवर तिचंच नाव लागेल."