टीकेओ
रोह्यात निशिगंधाची बॉक्सिंगची फायनल होती आणि तिची आई हौसा जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखत होती. कोचचा मेसेज आला: ‘निशिगंधा, टीकेओ.’ पुढे फोन लागेना. “म्हंजे काय रं?” तिनं शेजारच्या महिपतीला विचारलं. “केओ म्हंजे पडला, उठलाच नाय. टीकेओ म्हंजे उभा हाय, पन लय मार खाल्लाय, म्हनून पंचानंच थांबवलं.” “मार खाल्ला कोनी?” महिपतीनं मेसेज परत वाचला; त्यात ते नव्हतं. हौसानं कुंचला ठेवला. थरथरत्या हातानं देवाचे डोळे आखत नाहीत. दारात जाई, मूर्तींपाशी येई, परत दारात. संध्याकाळी निशिगंधा एसटीतून उतरली, गळ्यात पदक. “जिंकले गो आये! समोरच्या पोरीचा डोळा सुजून मिटला, पंचांनी थांबवलं.” हौसानं लेकीचा चेहरा चाचपला, मूर्तीला हात जोडून कुंचला उचलला. मूर्तीच्या डोळ्यापाशी नेऊन तिनं तो थांबवला. “त्या पोरीची आय आलेली का गो?”