कडक भाकऱ्या

यंत्रावर लाल दिवा लागला तशी परिचारिकेने नमुन्याची डबी बाजूला सारली.

"बोडसकाका, आज तुमचे जिवाणू घेता यायचे नाहीत. उपाशी आहेत बिचारे! चोथाच मिळालेला नाही त्यांना."

सदानंदरावांनी मान खाली घातली. शेजारी त्यांची सून अमृता पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. तिच्या आतड्यांची सूज सासऱ्यांच्या पोटातून घेऊन तिच्या पोटात सोडलेल्या जिवाणूंमुळेच आटोक्यात राहत असे. घरात दुसऱ्या कुणाचे तिला मानवत नव्हते. त्या जिवाणूंना पोसायचं म्हणून तर सदानंदराव ज्वारी, मोडाची मटकी आणि कच्च्या केळ्यांची भाजी खात.

पण भाचीच्या लग्नात चार दिवस रोज नवऱ्यामुलाकडची पंगत होती. "आमच्या घरचं चालत नाही वाटतं?" असं विहीणबाईंनी हसत विचारलं, आणि सगळ्यांदेखत पथ्याचा डबा उघडायची त्यांना लाज वाटली. मग जिलबी झाली, पुऱ्या झाल्या, पुन्हा जिलबी झाली.

"यंत्रच बिघडलं असेल हो," अमृता परिचारिकेला म्हणाली. "बाबा पथ्य मोडायचे नाहीत. लग्नाला जाताना मी स्वतः कडक भाकऱ्या करून दिल्या होत्या."

परिचारिका यंत्र उघडू लागली.

"यंत्र ठीक आहे," सदानंदराव कसेबसे म्हणाले. "अमृता, भाकऱ्या मी मंगल कार्यालयामागच्या गाईला घातल्या."

तिने पोटाशी धरलेली पिशवी खाली ठेवली.

"सगळ्या, बाबा?"