कपाखालचा ठिपका

तिच्या छातीत गाठ लागली आणि घरात कारणांना ऊत आला. सासूबाईंच्या मते घट्ट कपडे, तर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जाऊबाईंच्या मते मोबाइल. दोनच दिवसांत तिच्या चहाच्या कपाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. म्हणजे तिचा कप वेगळा काढला होता, आणि घरात चहा तर जाऊबाईच करायच्या. गाठ काय चहातून पसरते? जाऊबाईंची तिला अशी किळस आली की तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

"वहिनीचं शिक्षण गेलं चुलीत," नवरा समजूत काढायचा. "तू मनावर घेऊ नकोस."

आज डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं, "कॅन्सर नाही. हार्मोन्स कमी-जास्त झाले की काही बायकांना अशा साध्या गाठी होतात. यात तुमची काही चूक नाही."

घरी आल्यावर जाऊबाईंनी डोळे पुसत सगळ्यांना चहा दिला. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी म्हणत होतो ना, काही नसणार."

मग चहाला तोंड लावण्याआधी त्याने सवयीने आपला कप डोळ्यांपर्यंत उचलला आणि बुडाला ठिपका नाही ना, ते बघून घेतलं.